काठकोन: सहावीतल्या एका उत्तराचं प्रकरण

आधी उत्तरपत्रिकेतलं वाक्य जसंच्या तसं देते. घटक चाचणी, इयत्ता सहावी, गणित. प्रश्न: काटकोन म्हणजे काय? गुण दोन. उत्तर: 'टावेलचा काठ आणि पट्टा मिळतो तिथे काठकोन असतो. तो वाकडा असला तर टावेल सेकंडमधे जातो.' (सेकंड म्हणजे खोट निघालेला, दुय्यम माल.)

मी त्याला शून्य दिलं. 'ठ'भोवती लाल गोल केला, शेजारी 'काटकोन, माप 90°' असं लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला. एकूण 42 पेपर होते, त्या उत्तरावर माझी दहा सेकंदंही गेली नसतील.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचं नाव इथे देत नाही. वर्गात फारसा न बोलणारा, पण वही नीट ठेवणारा.

"मॅडम, याला एक तरी मार्क द्या की."

"का रे? पुस्तकात काय लिहिलंय? नव्वद अंश."

"टावेलवर कोनमापक ठेवत नाहीत, मॅडम."

"मग कसं बघतात?"

"घडी घालून."

खिशातला रुमाल काढून त्याने माझ्या टेबलावर पसरला आणि आडवा दुमडला. कडा हाताने नीट लावल्या. "काठ काठावर बसला पाहिजे. कोपरा कोपऱ्यावर बसला पाहिजे. काठ बसला आणि कोपरा सरकला, की सेकंड."

मी रुमालाकडे बघत राहिले. त्याने म्हटलं ते भूमितीच्या दृष्टीने बरोबर होतं. आयत मधोमध दुमडला तर दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. समांतरभुज चौकोनाची एक बाजू तिच्यावरच बसवून दुमडली, तर कोपरे एकमेकांना चुकतात. म्हणजे काटकोन तपासायची कसोटी या पोराकडे होती, आणि ज्यांनी नव्वद अंश पाठ करून दोन गुण मिळवले त्यांच्यातल्या कितीजणांकडे ती होती याची मला खात्री नव्हती. शून्य देताना मी फक्त 'ठ' पाहिला होता.

हा 'ठ' आला कुठून, ते समजायला सोलापूरचा पूर्व भाग माहीत असावा लागतो. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली उभी राहिली, तिला आजही लोक जुनी मिलच म्हणतात. आधी हातमागावर आणि मग गिरण्या, यंत्रमागांवर तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राबली आणि शहराचा पूर्व भाग त्यांचा झाला. तिथल्या अनेक घरांत आजही चुलीपाशी तेलुगू आणि रस्त्यावर मराठी चालते. तेलुगू लिपीत ट आणि ठ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, पण रोजच्या बोलण्यात ठ, ध, भ यांच्यातला हकार बहुधा गळतो. या मुलाच्या कानाला काट आणि काठ एकच. लिहायची वेळ आली तेव्हा त्याने दोन्हींतला ओळखीचा शब्द निवडला. घरात दिवसभर काठ, काठ चाललेलं असतं. काट हा शब्द त्याने फक्त गणिताच्या तासाला ऐकला होता.

मग मला वाटलं, बाकीच्यांना तरी काट कुठे माहीत आहे? दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं: काटकोनातलं काट म्हणजे काय?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, काटा. कोपरा टोचतो म्हणून. दुसरा म्हणाला, काटाच, पण घड्याळाचा, कारण तीन वाजता काटे तसे असतात. (हे उत्तर मला फार आवडलं.) तिसरा म्हणाला, काठी. जमिनीत काठी रोवली की जो कोन होतो तो काटकोन. मागच्या बाकावरचा एकजण दबकत म्हणाला, "मॅडम, काट मारतो ते. चुकलं की मारतो ती काट." बाकीचे हसले. मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ तोच गेला होता.

इथे जरा थांबते, कारण मराठीत या ठिकाणी चार वेगवेगळे संस्कृत शब्द घासून-घासून जवळजवळ एकाच आवाजाला आले आहेत. काटा आला कंटकापासून. झाडाचा काटा, घड्याळाचा काटा, तराजूचा काटा, सगळे त्याच कुळातले. काठी आली काष्ठापासून. काठ हा कंठापासून आलेला. जुन्या लेखनात तो 'कांठ' असा अनुस्वार देऊन लिहीत. नदीचा कांठ, लुगड्याचा कांठ. आणि काट आला संस्कृत 'कृत्' म्हणजे कापणे या धातूपासून, प्राकृतातल्या 'कट्ट'मधून. कातरसुद्धा त्याच धातूतली, कर्तरीपासून आलेली.

मराठीत कापण्यासाठी नेहमीचं क्रियापद कापणे. काटणे आपण मोजक्या ठिकाणी वापरतो: पतंग काटला, वाट काटली. जोडशब्दांत मात्र काट ठाण मांडून बसला आहे. काटछाट आहे, काटकसर आहे. बुद्धिबळात समोरच्याने शह दिला की तो मोडत उलट दिलेला शह म्हणजे काटशह. विज्ञानाच्या पुस्तकात देठाचा किंवा नळीचा आडवा छेद घेतात तो काटच्छेद. या शेवटच्या दोन शब्दांत काट म्हणजे नुसतं कापणं नाही, समोरून येणाऱ्याला आडवं जाऊन छेदणं आहे. काटकोनातला काट हाच. एक रेघ दुसरीला अशी आडवी जाते की ती इकडेही कलत नाही, तिकडेही कलत नाही.

आपल्या शाळेतल्या कोनांच्या यादीत हा शब्द एकटा पडतो. लघुकोन, विशालकोन, प्रविशालकोन, शून्यकोन, पूर्णकोन, सरळकोन. लघु, विशाल, शून्य, पूर्ण, सरळ हे शब्द मुलांना दुसरीकडे कुठे ना कुठे भेटलेले असतात, त्यामुळे नाव ऐकलं की अर्थाचा अंदाज येतो. मधोमध बसलेला काट तेवढा मुका. तो रोजच्या बोलीतला असूनही मुका, हे मला जास्त लागलं. इतकी वर्षं मी काटकोन शिकवते आहे आणि काट कधी उलगडून सांगितला नव्हता. मुलांनी मग आपापल्या घरातून जो अर्थ हाताला लागला तो त्यात भरला.

त्या तासाला फळ्यावर मी शेजारी-शेजारी शब्द लिहिले. वर्गात एक मुलगी कन्नड घरातली आहे, अक्कलकोटकडची. तिचा मोठा भाऊ कन्नड माध्यमात शिकलेला, तो 'लंबकोन' म्हणतो. तेलुगूतही लंबकोणमच. लंब म्हणजे लोंबणारा. ओळंबा हा आपला शब्द 'अवलंब'पासून आला, म्हणजे कुळ तेच. दोरीला वजन बांधून सोडलं की ती जमिनीशी जो कोन करते, त्यावरून या दोन भाषांनी नाव ठेवलं. इंग्रजीतल्या पर्पेंडिक्युलर शब्दामागेही लॅटिनमधला ओळंबाच आहे.

हिंदीत समकोण. हा शब्द वेगळ्या वाटेने आला. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी ग्रीक गणिती युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने. त्यात समकोण आहे. युक्लिडच्या व्याख्येत अंशच नाहीत. एक सरळ रेघ दुसऱ्या सरळ रेघेवर अशी उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले, तर त्यातला प्रत्येक कोन काटकोन. सम म्हणजे ही दोन्ही बाजूंची बरोबरी. मुलांना वहीचं फाटकं पान घेऊन कसंही दुमडायला लावलं, मग ती घडीची रेघ तिच्यावरच बसेल असं पुन्हा दुमडायला लावलं. उलगडल्यावर मधोमध चार काटकोन. कोनमापक नाही, पट्टी नाही, कागदाच्या कडाही वेड्यावाकड्या. नुसत्या बरोबरीतून कोन निघाला.

उर्दूत ज़ाविया क़ायमा. क़ायमा म्हणजे उभा. आपण 'कायम' म्हणतो तो हाच अरबी शब्द, मूळ अर्थ उभा असलेला. इंग्रजीतल्या राइट अँगलमधला राइटही 'बरोबर' या अर्थाचा नव्हे, तो सरळ-ताठ या अर्थाचा, आणि ग्रीकमध्येही या कोनाला त्याच अर्थाचा शब्द, 'ऑर्थॉस', सरळ. इंजिनिअरिंगला गेलेली आपली मुलं ऑर्थोगोनल म्हणतात त्यात हा ऑर्थॉस आणि पुढे 'गोनिया' म्हणजे कोन. हाडांच्या डॉक्टरला आपण ऑर्थोवाले म्हणतो, तिथलाही ऑर्थो हाच.

गुजरातीत मात्र काटखूणो. आपल्यासारखाच काट.

म्हणजे एकाच कोनाला कुणी उभं राहण्यावरून नाव दिलं, कुणी लोंबण्यावरून, कुणी बरोबरीवरून, आणि मराठी-गुजरातीने आडवं छेदण्यावरून. संस्कृतातल्या जुन्या गणितात तर या कोनाकडे कोन म्हणून फारसं कुणी बघितलंच नाही. तिथे बाजू बोलतात: भुज, कोटी, कर्ण. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला दोरी वापरतात. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात 36, 15 आणि 39 अशा लांबी घेऊन दोरी ताणली की कोपरा आपोआप काटकोनात येतो. गवंडी आजही तीन-चार-पाच घेतात ती हीच रीत.

(एक प्रश्न हटकून येतो, तोही आला: त्रिकोणात ण आणि चौकोनात न का? त्रिकोण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. चौकोन, काटकोन हे मराठीने आपल्या तोंडाला बसवलेले शब्द. शिवाय मराठीत नुसता 'कोण' हा प्रश्न विचारायला लागतो, त्यामुळे कोपऱ्याचा कोन न लिहून वेगळा राहतो हे सोयीचंच झालं.)

शब्दांचं हे झालं. पण मुलाचं उत्तर शब्दापुरतं नव्हतं, म्हणून त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर असतात. घरी आई आणि आजी कटिंग-शिलाईचं काम करतात. आजीला तो नायनम्मा म्हणतो. पुढच्या खोलीत एका बाजूला शिवलेल्या टॉवेलचा गठ्ठा, आणि दाराशी वेगळा छोटा ढीग. तो सेकंडचा.

"मॅडम, बसा की. चहा ठेवते," आई म्हणाली. मी चटईवर बसले आणि त्याला म्हटलं, दाखव.

टॉवेल तीस बाय साठ इंची होते. माझ्याकडे शिंप्याची टेप होती. आधी चांगल्या ढिगातला एक घेतला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप: सदुसष्ट इंच. दुसरा कर्ण: तोही सदुसष्ट. मग सेकंडमधला एक. बाजू मोजल्या, तीस आणि साठ, काही फरक नाही. कर्ण मात्र एक अडुसष्टला टेकलेला आणि दुसरा सहासष्टच्या थोडा पुढे. पोराने दोन्ही आकडे तळहातावर पेनने लिहिले आणि विचारलं, "बाजू सारख्या असून असं कसं?"

हिशोब त्याला तिथेच दाखवला. तीस इंचाच्या रुंदीत बाणा, म्हणजे आडवा धागा, एक इंच पुढे सरकला तर दोन कर्णांत पावणेदोन इंचांच्या वर फरक पडतो, आणि कोनात फक्त दोन अंशांच्या आत-बाहेर. नव्वदचा अठ्ठ्याऐंशी झालेला डोळ्याला दिसत नाही, कोनमापकावरही चटकन कळत नाही. कर्णाच्या टोकाला तो पावणेदोन इंच होऊन उघडा पडतो. घडी घातल्यावर सरकणारा कोपरा हीच चूक दाखवतो.

नायनम्माला टेपची गरज नव्हती. तिने सेकंडचा टॉवेल दोन कोपऱ्यांना धरून उचलला, काठावरून अंगठा फिरवत पट्ट्यापाशी आणला, आणि म्हणाली, "वंकर." तेलुगूत वाकडा. मी संस्कृतातल्या वक्रचा विचार करत होते, ती तोवर पुढच्या टॉवेलकडे वळली होती.

माग हा वाकडेपणा सहसा करत नाही. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणलेला असतो, धोटा बाणा घेऊन आडवा जातो आणि फणी प्रत्येक बाणा सरळ ठोकून बसवते. बिघडतं ते बहुधा पुढे, धुताना, रंगवताना, वाळवताना. ओलं कापड एका काठाने जास्त ओढलं गेलं की सगळे बाणे तिरके होतात आणि तसेच वाळतात. शिलाईवाली मग कापड बाण्याच्या रेघेवर कापते, तेव्हा काठ आणि पट्टा एकमेकांशी नव्वद अंशात राहिलेले नसतात.

हे तो मुलगाच मला सांगत होता, मधे-मधे आई दुरुस्ती करत होती. आणि ऐकता ऐकता मला त्याच्या वाक्याचा अर्थ नीट लागला. काठ म्हणजे ताण्याची दिशा. पट्टा म्हणजे बाण्याची दिशा. 'काठ आणि पट्टा मिळतो तिथे' म्हणजे बाणा ताण्याला जिथे आडवा छेदतो तिथे. शब्दाचं मूळ त्याने चुकीचं धरलं होतं, पण त्या चुकीच्या मुळावरून तो नेमका काट या शब्दाच्या खऱ्या अर्थापाशी पोचला होता. कापडात काटकोन खरोखरच काट आहे.

आता गुणांचा प्रश्न. शिक्षक खोलीत दोन मतं पडली. एक सहकारी म्हणाले, बोर्डाच्या परीक्षेत 'काठकोन' लिहिलं तर कोण विचारत बसणार आहे, आत्ताच सवय मोडा, शून्य ठेवा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पूर्ण द्या, गणित आहे, शुद्धलेखन नाही. पहिल्यांची काळजी खोटी नाही. संज्ञा नीट लिहिता आलीच पाहिजे, कारण पुढच्या इयत्तेत तीच संज्ञा काटकोन त्रिकोण होऊन येते आणि तिथे टॉवेल मदतीला नसतो. पण त्यासाठी शून्य देणं म्हणजे त्याला जे येतं ते येत नाही असं सांगणं झालं असतं, आणि ते खोटं होतं.

मी दीड दिला. 'ठ'साठी काही कापलं नाही, बरोबर शब्द फक्त शेजारी लिहिला. अर्धा गुण गेला तो दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण त्याला बोलावून सांगितलं.

"उदाहरण बरोबर, तपासायची रीत बरोबर. पण प्रश्न काटकोन म्हणजे काय असा आहे. भिंतीला काठ असतो का?"

तो विचारात पडला. "नाही."

"दाराच्या चौकटीला पट्टा असतो का?"

"नाही. पण काटकोन असतोय."

"म्हणून अर्धा गेला."

हे त्याला पटलं असावं, कारण त्याने वाद घातला नाही. त्याने विचारलं एवढंच, "मग भिंतीचं काय बघून कळतंय?"

शाळेच्या मागच्या कंपाउंडचं काम तेव्हा चालू होतं. दोन दिवसांनी गणिताच्या तासाला वर्ग तिकडे नेला. गवंड्याने आधी ओळंबा सोडून दाखवला, आणि कन्नड घरातली ती मुलगी लगेच म्हणाली, "लंबकोन!" मग त्याने गुण्या काढला. लोखंडी, एका हाताला सिमेंट वाळून चिकटलेलं. गुण्या हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, तिथे गुनिया म्हणजे सुतार-गवंड्याचा काटकोनी मापक. फारसीत तो ग्रीक गोनियावरून गेलेला, म्हणजे ऑर्थोगोनलमधला गोनियाच गवंड्याच्या पिशवीत आहे. ग्रीकमध्ये गोनियाचं नातं गुडघ्याच्या शब्दाशी, आणि तोच जुना शब्द संस्कृतात जानु झाला. आजानुबाहू म्हणजे गुडघ्यापर्यंत हात पोचणारा, हे मुलांना माहीत होतं. मी गुडघा दुमडून दाखवला तेव्हा सगळ्यांनी आपापले दुमडले.

गवंड्याने गुण्या मुलांच्या हातात दिला. एकेकाने विटांच्या कोपऱ्याला लावून पाहिला. माझा विद्यार्थी शेवटी राहिला होता. त्याने भिंतीला लावला, मान हलवली, मग खिशातून रुमाल काढला, विटेवर सपाट पसरला आणि गुण्या त्याच्या कोपऱ्यावर ठेवून वाकून बघायला लागला.

"अरे पोरा," गवंडी म्हणाला, "कापडाला गुण्या लावतोस व्हय?"

"काटकोन आहे का बघतोय," तो म्हणाला. ट स्वच्छ ऐकू आला. रुमालाचा काठ गुण्यापासून नखभर दूर होता.